कोणते काका?

गेल्या दिवाळीत आमचे मेहुणे बडोद्यास आले, ते माझ्यावर एक कामगिरी सोपविण्यासाठीच. त्यांच्या कन्येने, म्हणजे माझ्या भाचीने, चार वर्षांची चांगली नोकरी सोडून एम.टेक.ला प्रवेश घेतला होता आणि 'प्रोग्रामिंग भाषांची रचना' हा विषय निवडला होता. "यात कोणती भाषा शिकवितात?" असे त्यांनी तिला विचारले, तर "कोणतीच नाही, बाबा," असे उत्तर आले. तेव्हापासून ते अस्वस्थ होते. "तुमचे ती ऐकते. नोकरीवर परत जायला सांगा," असे बजावून ते परतले.

मी जन्मभर शाळेत व्याकरण शिकविलेला माणूस. संगणकाशी माझा संबंध वीजबिल भरण्यापुरता. तरीही तिला बोलावून घेतले आणि आधी तिचेच म्हणणे ऐकावयाचे ठरविले.

नोकरीत असताना तिच्याकडे पेन्शनच्या याद्यांचे काम होते. एके रात्री प्रोग्राम मध्येच बंद पडला. हजारो नोंदींपैकी एकीत वारसाचा रकाना रिकामा होता. त्या रिकाम्या जागी प्रोग्राम पत्ता शोधावयास गेला आणि कोसळला. चूक तासाभरात दुरुस्त झाली, पण म्हाताऱ्या माणसांचे पैसे एक दिवस उशिरा पोहोचले. "मामा, चूक माझीच होती," ती म्हणाली, "पण अशी चूक करण्याची वाट भाषेनेच मोकळी ठेवली होती. ती कोणी आणि का ठेवली, हे मला जाणून घ्यायचे होते."

या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थी स्वतःची एक छोटी भाषा घडवितो आणि ती वाचून तिच्या आज्ञा अमलात आणणारा प्रोग्रामही लिहितो. त्याला इंटरप्रिटर म्हणतात. प्रथम नुसती बेरीज-गुणाकार, मग नावे, मग फंक्शने, पुढे चुका हाताळण्याची सोय. एकेक मजला चढत जावयाचे. भाषेचे व्याकरण मांडण्याची जी पद्धत ते वापरतात, ती जॉन बॅकस यांनी १९५९ साली मांडली व पीटर नाउर यांनी सुधारली. तिचे पाणिनीच्या सूत्रपद्धतीशी असलेले साम्य पाहून तिला 'पाणिनी-बॅकस' असे नाव द्यावे, अशी सूचना इंगरमन नामक अमेरिकन तज्ज्ञाने १९६७ साली केली होती. हे ऐकून माझी छाती किंचित फुगली. पण भाची हसून म्हणाली, "व्याकरण पहिल्या आठवड्यातच संपते, मामा. खरा प्रश्न अर्थाचा."

तो प्रश्न तिने असा समजाविला. समजा, मी बडोद्याहून इंदूरच्या चुलतभावास लिहिले, 'काकांना विचारून दागिना विकावा.' पत्र इंदुरात वाचले गेले. आता विचारावयाचे कोणत्या काकांना? पत्र जेथे लिहिले त्या घरच्या, की जेथे वाचले त्या घरच्या? वाक्य शुद्ध आहे, व्याकरणात खोट नाही. तरी दोन अर्थ संभवतात आणि दागिना एकच आहे. जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प या भाषेच्या प्रारंभीच्या रूपात नावाचा अर्थ वाचणाऱ्या घरी शोधला जाई. आल्गोल ६० मध्ये लिहिणाऱ्याच्या घरी. १९७५ साली सस्मन आणि स्टील यांनी स्कीम ही लिस्पचीच लेक घडविताना लिहिणाऱ्याचे घर पसंत केले. आज बहुतेक भाषांत हाच नियम आहे, कारण लिहिताना डोळ्यांपुढे असतात तेच काका गृहीत धरता येतात. पत्र उद्या कोणाच्या हाती पडेल, हे लिहिणाऱ्यास ठाऊक नसते.

तिने आपल्या भाषेत हे दोन्ही नियम करून पाहिले. फरक इंटरप्रिटरच्या अवघ्या काही ओळींचा. पण पहिला नियम ठेवला की चार दिवसांपूर्वी बरोबर चाललेला प्रोग्राम, दुसऱ्याने कोठेतरी एक नाव बदलताच, चुकीचे उत्तर देऊ लागे; आणि देताना कुरकुरतही नसे.

आणि तो रिकामा रकाना? त्याचाही इतिहास तिला सापडला. टोनी होर हे संगणकशास्त्रातील फार मोठे नाव. १९६५ साली एका नव्या भाषेची रचना करताना त्यांनी 'येथे काहीच नाही' असे दर्शविणारी एक खूण तीत घातली. घालणे अगदी सोपे होते, म्हणून मोह आवरला नाही. पुढे ती सोय अनेक भाषांत पसरली. २००९ साली लंडनच्या एका परिषदेत त्यांनी स्वतःच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. स्विफ्ट, कोट्लिन यांसारख्या अलीकडच्या भाषा मात्र आधीच विचारतात, 'ही जागा रिकामी राहू शकते काय?' होय म्हटले, तर रिकामी असल्यास काय करावयाचे तेही लिहून घेतात. त्यावाचून पुढे जाऊ देत नाहीत.

"सत्राच्या अखेरीस माझ्या भाषेतून मी तीन सोयी काढून टाकल्या," भाची म्हणाली. "घालताना फार हुशारी वाटली होती. सोय मी आज करणार, आणि तिची किंमत पुढे कोणीतरी अनोळखी माणूस मोजणार, एवढे कळायला मला हे सत्र लागले."

मी तिला नोकरीवर परत जा असे सांगितले नाही. मेहुण्यांना फोन केला. काकांचे उदाहरण त्यांनी निमूट ऐकून घेतले. रिकाम्या रकान्याची गोष्ट सांगू लागलो, तेव्हा मात्र त्यांनी मला मध्येच थांबविले. ते छत्तीस वर्षे बँकेत होते.

"व्हाउचरवर रिकामी जागा राहिली की आम्ही तिच्यावर आडवी रेघ मारीत असू," ते म्हणाले. "मोकळी जागा सोडायची नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकविले होते. या लोकांना कोणी शिकविले नाही?"

"आता शिकवितात," मी म्हणालो. "तेच ती शिकते आहे."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी पुढच्या सत्राची फी कोणत्या तारखेपर्यंत भरावयाची, ते विचारले.