टार्गेट तेच, मन मात्र उठलेलं : नोकियाच्या सेल्समनची गोष्ट

ज्यांना आजचा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बसमध्ये, लोकलमध्ये, जेवणाच्या सुट्टीत निवांत वाचा.

आजचा प्रश्न साधा आहे. कंपनी अडचणीत आली की सगळ्यात आधी काय संपतं? आपल्याला वाटतं पैसा. मला वाटतं, आधी संपतो तो विकणाऱ्याचा विश्वास. पैसा त्यानंतर संपतो.

यासाठी नोकियाकडे बघू. तुमच्या आईबाबांचा पहिला मोबाईल बहुतेक याच कंपनीचा असेल. फिनलंडची ही कंपनी २०१० मध्येही जगात सगळ्यात जास्त मोबाईल विकत होती. त्या सप्टेंबरमध्ये स्टीफन एलॉप सीईओ म्हणून आले. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी कर्मचाऱ्यांना एक ईमेल लिहिला आणि तो लगेच बाहेर फुटला. त्यात समुद्रातल्या तेलविहिरीवरच्या एका कामगाराची गोष्ट होती. आग लागलीय, खाली गारठलेलं पाणी आहे, उडी मारायची की जळायचं? एलॉप यांचं म्हणणं होतं, आपणही तसेच जळत्या फलाटावर उभे आहोत. आयफोन २००७ मध्ये आला, अजून आपल्याकडे त्याच्या तोडीचा फोन नाही.

बरं, यातलं खोटं काय होतं? काहीच नाही! गोची पुढेच आहे.

११ फेब्रुवारीला घोषणा झाली की नोकियाचे स्मार्टफोन यापुढे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनवर चालणार. म्हणजे स्वतःची सिम्बियन सिस्टीम हळूहळू बंद. फिनलंडच्या टॅम्पेरे शहरात त्या दिवशी अनेक कर्मचारी फ्लेक्सी टाइम घेऊन दुपारीच ऑफिसमधून निघून गेले. वर्षानुवर्षं ज्यावर काम केलं, ते मोडीत निघालं होतं.

आता सेल्सवाल्यांचं बघा. नवे लुमिया फोन दुकानात यायला नोव्हेंबर उजाडला. आणि कंपनीचा अंदाज काय? सिम्बियनचे अजून १५ कोटी फोन विकू! म्हणजे मालकाने चारचौघांत सांगायचं की ही भाजी शिळी झाली, आणि गाड्यावरच्या पोराने तीच ताजी म्हणून विकायची.

आकडे बोलके आहेत. २०१० च्या शेवटच्या तिमाहीत नोकियाचे २ कोटी ८३ लाख स्मार्टफोन गेले होते. २०११ च्या दुसऱ्या तिमाहीत १ कोटी ६७ लाख. २०१२ च्या पहिल्या तिमाहीत १ कोटी १९ लाख. अँड्रॉइडची लाट होतीच, सगळा दोष त्या ईमेलचा नाही. पण घसरणीला जोर मिळाला. त्यात जून २०१२ मध्ये कळलं की आधीच विकलेल्या लुमियांना नवा विंडोज फोन ८ मिळणार नाही. जो माल मनापासून विकायला घेतला, तोही जुना ठरला.

हे मला आतून कळतं. माझी पहिली नोकरी एका छोट्या कंपनीत होती, हॉटेलांना बिलिंगचं सॉफ्टवेअर विकायची. एका मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "हे व्हर्जन बंद करतोय, नवीन येतंय." कधी? ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी एका हॉटेलवाल्या काकांनी फोनवर विचारलं, "काय रे, पुढच्या वर्षी हे चालू राहील ना?" मी म्हणालो, "हो काका, राहील की." पण आवाज पडला. तो त्यांना ऐकू गेला. "बघू नंतर," म्हणाले आणि फोन ठेवला. पुढच्या महिन्यात इन्सेंटिव्ह वाढवला, तरी कोणी मनापासून फोन लावेना. आम्ही आळशी झालो नव्हतो. खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

मग एलॉप यांनी गप्प बसायचं होतं का? नाही. नोकियातलं दुखणं त्यांच्या आधीचं होतं. आल्टो विद्यापीठ आणि इन्सिआडच्या दोन अभ्यासकांनी याचा शोध घेताना ७६ लोकांच्या मुलाखती घेतल्या. निघालं काय? भीती. मधले मॅनेजर वरच्यांना घाबरायचे, म्हणून "जमणार नाही" असं कोणी सांगायचं नाही. वरचे स्पर्धकांना आणि गुंतवणूकदारांना घाबरून खालच्यांवर घाई करायचे. खरं वर पोचलंच नाही. ते आलं तेव्हा स्फोटासारखं आलं, आणि हातात पर्यायी फोन नव्हता.

शेवटी २०१४ मध्ये मोबाईलचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. त्याच जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने १८ हजार नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं, त्यातल्या साडेबारा हजारांच्या आसपास नोकियातून आलेल्यांच्या. नोव्हेंबरमध्ये चेन्नईजवळचा श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखानाही थांबला.

तुम्ही नोकरीत असाल तर एक करून बघा. पुढच्या मीटिंगमध्ये वाईट बातमी सांगणाऱ्याचं काय होतं, ते पाहा. त्याला पुढचा प्रश्न विचारला जातो, की गप्प बसवलं जातं? आणि उद्या तुम्ही टीम लीडर झालात, तर "हे बंद" म्हणायच्या आधी "तोवर ग्राहकाला काय सांगायचं" याचं उत्तर तयार ठेवा. फोन लावणाऱ्या पोराला तेवढंच हवं असतं.

तुमच्या ऑफिसात काय चालतं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात बोलूच. ऐकत राहा!