डोळ्यातली मोट

फैजपूरहून सावद्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच केळी. आज त्या बागांत ठिबकच्या नळ्या आहेत. १९३६च्या डिसेंबरात ग्रामीण भागातलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन नेहरूंच्या अध्यक्षतेखाली याच फैजपुरात भरलं, तेव्हा खानदेशातली विहीर म्हणजे मोट असं समीकरण होतं. बहिणाबाईंच्या गाण्यात आलेली तीच मोट. बैल धावेवरून पुढे चालायचे आणि पाणी मात्र विहिरीतून सरळ वर यायचं. आडव्या ओढीची उभी ओढ करायचं ते विहिरीच्या तोंडावरचं चाक. चाक जागचं हललं की बैल कितीही तगडे असोत, मोट वाकडीच यायची.

असंच एक चाक प्रत्येक माणसाच्या डोळ्यात आहे. खोबणीच्या वरच्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, कूर्चेचं एक इवलंसं कडं असतं. डोळ्याचा एक लांब, सडपातळ स्नायू मागून पुढे येतो, या कड्यातून ओवला जातो आणि वळून पुन्हा मागे जाऊन डोळ्याला चिकटतो. त्यामुळे ओढ लागते मागून, पण डोळा वळतो खाली, जणू ओढणारा समोर उभा आहे. जिना उतरताना पायरीकडे नजर जाते त्यात याच स्नायूचा मोठा वाटा असतो. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला की त्याची बारीक नस अनेकदा दुखावते. मग माणसाला एकाखाली एक अशा दोन पायऱ्या दिसू लागतात.

एका डोळ्याला असे सहा स्नायू असतात. चार सरळ आणि दोन तिरके. वरची पापणी उचलणारा सातवा वेगळा. सरळ स्नायू सुमारे चार सेंटिमीटर लांब, आणि ज्या गोलकाला ते फिरवतात त्याचा व्यास जेमतेम २४ मिलिमीटर. नजर एका वस्तूवरून दुसरीवर उडी घेते तेव्हा डोळ्याचा वेग सेकंदाला ५०० अंशांवर जाऊ शकतो. दोन्ही डोळ्यांचे मिळून बारा स्नायू इतक्या वेगात एकमेकांशी मेळ राखतात, म्हणून जग एकच दिसतं.

शरीरशास्त्राच्या पुस्तकांत फार काळ चाक एकच होतं, ते कूर्चेचं. बाकीचे स्नायू म्हणजे मागून पुढे ताणलेल्या साध्या दोऱ्या, अशी समजूत होती. फ्रेंच शल्यविशारद तेनाँ यांनी १८०६ साली डोळ्याभोवतीच्या पातळ आवरणाचं वर्णन केलं होतं, पण ते केवळ वेष्टण मानलं गेलं. पुढे एमआरआय आलं. १९८९ साली सॅन फ्रान्सिस्कोमधल्या जोएल मिलर यांना त्या चित्रांत दिसलं की डोळा वळला तरी स्नायूंचा मधला भाग जागचा सरकत नाही. कुणीतरी त्याला धरून ठेवलेलं असणार. १९९५ साली लॉस एंजेलिसच्या जोसेफ डेमर आणि सहकाऱ्यांनी हे धरणारे हात दाखवून दिले. प्रत्येक सरळ स्नायूभोवती कोलॅजन, इलॅस्टिन आणि थोडे अनैच्छिक स्नायुतंतू यांचं एक कडं असतं, आणि ते खोबणीच्या भिंतीशी बांधलेलं असतं. म्हणजे चाकं अनेक आहेत, आणि ती संयोजी ऊतींची आहेत. शरीरात भरणीचा माल म्हणून ज्या ऊतींकडे पाहिलं जायचं, त्यांनीच नजरेची दिशा सांभाळलेली आहे. नेत्रशास्त्रातल्या गेल्या पन्नास वर्षांतल्या सुंदर शोधांत याची गणना व्हायला हवी.

या शोधाचा फायदा सर्वांत जास्त कुणाला झाला असेल तर तो म्हाताऱ्या माणसांना. केळीच्या बागेत घड भरला की झाड घडाच्या अंगाला कलतं. म्हणून शेतकरी त्याला बांबूचा टेकू देतो किंवा पट्टीनं बांधून घेतो. पट्टी सैल पडली की झाड झुकलंच. डोळ्यात वरच्या आणि बाहेरच्या स्नायूंच्या कड्यांना जोडणारी अशीच एक पट्टी असते. साठी-सत्तरीनंतर तिच्यातलं कोलॅजन विरत जातं, पट्टी ताणते, कधी तुटते, आणि बाहेरचा स्नायू खाली घसरतो. स्नायू धडधाकट असतो, नसही ठीक असते. पण ओढीची दिशा चुकलेली असते.

परिणाम मोठा चमत्कारिक. पेपर वाचताना सगळं ठीक, पण समोरून येणाऱ्या एसटीच्या दोन पाट्या दिसतात, रात्री एका दिव्याचे दोन दिवे होतात. घरचे म्हणतात मोतीबिंदू असेल. कुणाला अर्धांगाची शंका येते, मेंदूचं स्कॅन होतं आणि त्यात काही निघत नाही. २००९पासून डेमर आणि सहकाऱ्यांनी या विकाराची मांडणी केल्यावर अशा रुग्णांना नेमकं उत्तर मिळू लागलं. पापण्या ओघळलेल्या आणि वरच्या पापणीवरची खाच खोल गेलेली दिसली की जाणकार डॉक्टर आधी या दिशेनं विचार करतो. पुष्कळांचं काम चष्म्यात त्रिकोणी भिंग बसवून भागतं, उरलेल्यांना छोटी शस्त्रक्रिया पुरते. आजी-आजोबांचं रडगाणं म्हणून हे उडवून लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

याच ऊती थायरॉइडच्या एका आजारात उलट वागतात. शरीराची प्रतिकारशक्ती खोबणीतल्या पेशींना चिथावते. त्या पाणी धरून ठेवणारा पदार्थ तयार करतात, स्नायू फुगतात आणि डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. पुढे सूज ओसरते, पण स्नायू चिवट, ताठ होऊन बसतो. बहुधा खालचा स्नायू आधी सापडतो, म्हणून डोळा वर जाईना होतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा विकार अधिक उग्र होतो.

आणि पावसाळ्यातली एक गोष्ट, शेतशिवारात राहणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात ठेवण्यासारखी. मण्यार रात्री अंथरुणात येऊन चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे माणसाच्या पापण्या जड होतात आणि घरच्यांना वाटतं झोप पुरी झाली नाही. खरं तर विष नस आणि स्नायू यांच्यामधला निरोप तोडत असतं, आणि ते आधी दिसतं पापणी उचलणाऱ्या त्या सातव्या स्नायूवर. त्यानंतर श्वासाचे स्नायू थकतात. पापणी पडताना दिसली की मांत्रिकाकडे नाही, सर्पदंशावरची लस आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयाकडे धावायचं.

लहान मुलांच्या तिरळेपणाबद्दल मात्र आपल्याकडे भलतीच समजूत आहे. हेकणा डोळा नशीबवान असतो, वयात आला की आपोआप सरळ होतो, असं सांगणारी माणसं गावोगाव भेटतात. प्रत्यक्षात तिरळ्या डोळ्याकडून येणारं चित्र मेंदू बाजूला टाकतो आणि तो डोळा पाहायला शिकतच नाही. पहिल्या सात-आठ वर्षांत उपचार झाले तर फायदा सर्वांत जास्त. नंतर शस्त्रक्रियेनं डोळा सरळ दिसेल, दृष्टी परत येईलच असं नाही. ही शस्त्रक्रिया नवी किंवा भीतिदायकही नाही. बर्लिनच्या डीफेनबाख यांनी १८३९ साली सात वर्षांच्या मुलावर ती यशस्वी केली होती. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठीच बोटुलिनमचं इंजेक्शन शोधलं. आज सुरकुत्या घालवायला तेच औषध जगभर वापरतात, ते त्यानंतर.

२०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते. त्यात नजरही पाहतात. पथक गावात येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. मूल सतत मान एका खांद्याकडे कलती ठेवत असेल तर तेही आवर्जून सांगा. दोष मानेचा नसून डोळ्यातल्या त्या चाकावरून जाणाऱ्या स्नायूचा असू शकतो.

मोठ्यांसाठी एक सोपी परीक्षा आहे. दोन दिसू लागलं की एकेक डोळा तळहातानं झाकून बघा. कुठलाही झाकला तरी वस्तू एकच दिसत असेल तर बिघाड दोन डोळ्यांच्या मेळात, म्हणजे स्नायू, नस किंवा त्या कड्यांमध्ये आहे. एक डोळा झाकूनही दोन दिसत असतील तर तो त्याच डोळ्यातला, बहुधा भिंगाचा किंवा बुबुळाचा. पण अचानक दोन दिसू लागलं आणि सोबत डोकं ठणकत असेल, पापणी पडली असेल किंवा हातापायातली ताकद गेली असेल, तर ही परीक्षा करत बसू नका. त्याच घटकेला रुग्णालय गाठा.