अंडाशयाचा कर्करोग उशिरा का कळतो?

शिरूर किंवा दौंड तालुक्यातील पन्नाशी उलटलेल्या एखाद्या बाईंची कल्पना करू. पोट फुगते, दोन घासांतच भरल्यासारखे वाटते, लघवीला सारखे जावे लागते. गॅसची गोळी घेऊन त्या पुन्हा उसाच्या कामाला लागतात. तक्रार बहुधा साधीच असते. पण कधी कधी ती अंडाशयाच्या कर्करोगाची असते.

अंडाशय असते बदामाएवढे, तेही ओटीपोटात खोलवर. तिथली गाठ हाताला लागत नाही. सुटलेल्या पेशी उदरपोकळीत पसरून आतड्यांवर रुजतात, पोटात पाणी साठते. अमेरिकेतील नोंदींनुसार रोग अंडाशयापुरता असताना सापडला तर दहापैकी सुमारे नऊ जणी पाच वर्षांनंतर हयात असतात. दूरवर पसरल्यावर सुमारे तीनच.

मग सरसकट सर्व स्त्रियांची तपासणी का करू नये? गर्भाशयमुखाच्या कर्करोगात हे साधले. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले, असे २००९ साली दिसले. तिथे कर्करोगाआधीचे बदल वर्षानुवर्षे टिकतात आणि नमुना सहज घेता येतो. अंडाशयाबाबत यातले काहीच नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. रक्तातील सीए-१२५ हे प्रथिन आणि सोनोग्राफी यांनी नियमित तपासूनही मृत्यू कमी झाले नाहीत, हे २०२१ साली स्पष्ट झाले.

म्हणून भिस्त उरते ती लक्षणांवर. वर्षभराच्या आत सुरू झालेल्या अशा तक्रारी महिन्यातून बारापेक्षा जास्त दिवस होत असतील, तर सोनोग्राफी आणि सीए-१२५ करून घ्यावे. मात्र पोटाच्या क्षयातही पाणी होते आणि सीए-१२५ वाढते! नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही. पेशी किंवा ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावाच लागतो.

उपचार म्हणजे शस्त्रक्रिया आणि कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल ही औषधे, साधारणपणे दर तीन आठवड्यांनी, सहा वेळा. त्यासाठी पुण्याला, म्हणजे सुमारे ७० किलोमीटरवर जायचे, तर दर खेपेला रुग्णाची आणि सोबतच्या माणसाची मजुरी बुडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. त्याची चौकशी आधीच करावी.

दहावीच्या वर्गात प्रजननसंस्थेची आकृती शिकवताना आपण अंडाशयावर बोट ठेवतोच. त्याच वेळी ही लक्षणेही सांगू या. मुली ती घरी आईला, आजीला सांगतील.