रिकामी दिसणारी लेन

पुण्यात वाहतुकीबद्दल मत नसलेला माणूस सापडणं कठीण. रिक्षावाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत प्रत्येकाकडे कोंडीवर उपाय तयार असतो आणि बहुतेक वेळा तो एखादा पूल असतो. मतं पक्की, पण त्यामागचे हिशेब कच्चे. त्यातले काही तपासून पाहू.

‘घरोघरी गाडी आहे, बसनं जातंय कोण?’

२०१८ साली बातमी आली होती, की पुण्याची लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास आणि नोंदणी झालेली वाहनं ३६ लाखांच्या वर. ‘माणसांपेक्षा गाड्या जास्त’ हे पालुपद तेव्हापासून चालू आहे. पण आरटीओचा आकडा साठत जातो. भंगारात गेलेली लूना कागदावर बरीच वर्षं जिवंत राहते. शिवाय त्या ३६ लाखांत सुमारे २७ लाख दुचाकी होत्या. देशाचं चित्र पाहा: २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मोटार असलेली कुटुंबं होती फक्त ७.५ टक्के. २०११च्या जनगणनेनुसार शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांपैकी बावीस-तेवीस टक्के लोक कामावर चालत जात होते. मोटारीनं जाणारे तीन टक्केसुद्धा नव्हते.

आणि घरात गाडी असली तरी ती घरातल्या सगळ्यांना मिळते कुठे? सकाळी नऊला मुलगा स्कूटर घेऊन गेला, की आजी दवाखान्यात जाते ती बसनं नाहीतर पायी.

‘रस्ते रुंद करा, पूल बांधा, कोंडी सुटेल’

विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल आठवतो? कोंडी फोडायलाच तो बांधला होता. जेमतेम पंधरा वर्षं टिकला. २०२० साली, मेट्रोच्या आड येतो म्हणून आणि मुळात आखणीच चुकली होती म्हणून, तो पाडला. त्या जागी आता दुमजली पूल आला आहे.

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरानं हेच फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. तिथला केटी फ्रीवे २००८ मध्ये रुंद केला, काही ठिकाणी बाजूचे रस्ते धरून २६ लेनपर्यंत. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ साली अमेरिकेतल्या शहरांचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांना दिसलं, की हमरस्ते जितक्या टक्क्यांनी वाढतात, गाड्यांची धाव जवळपास तितक्याच टक्क्यांनी वाढते.

यात जादू काही नाही. रस्ता मोकळा झाला, की कोंडी टाळायला सकाळी सातला निघणारा नऊला निघतो, बसवाला स्कूटर काढतो आणि ‘आता वीसच मिनिटं लागतात’ म्हणून कोणीतरी आणखी लांब फ्लॅट घेतो. मोकळी झालेली जागा दोन-चार वर्षांत भरून जाते.

‘बीआरटीनं अर्धा रस्ता खाल्ला, लेन तर रिकामीच असते’

बीआरटी म्हणजे फक्त बससाठी राखलेली लेन. तिच्याबद्दलचा हा गैरसमज सगळ्यात चिवट आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

सिग्नलला उभी असलेली बारा मीटरची बस पाहा. ती अडीच-तीन मोटारींची जागा घेते. त्या मोटारींत मिळून चार-पाच माणसं, बसमध्ये पन्नास-साठ. आता मिनिटाला एक बस सोडा. प्रत्येकीत पन्नास माणसं धरली, तर तासाला तीन हजार. दोन बसच्या मधली पन्नासेक सेकंदं लेन रिकामीच दिसणार आणि शेजारी कोंडीत अडकलेल्या माणसाला तेवढंच दिसणार. पण त्याची मोटारींनी खचाखच भरलेली लेन तासाला सहाशे ते सोळाशे माणसंच पुढे नेते. एवढ्याच रुंदीच्या फूटपाथवरून तासाला नऊ हजार माणसं जाऊ शकतात. रिकामी दिसणारी लेन जास्त काम करते, हे डोळ्यांना पटत नाही, कारण डोळे गाड्या मोजतात.

पुण्यात बीआरटी फसली, हे खरं. कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर डिसेंबर २००६ मध्ये ती सुरू झाली, देशातल्या पहिल्या प्रयोगांपैकी एक. पण थांबा रस्त्याच्या मधोमध आणि तिथपर्यंत धडपणे पोचायची सोय नाही, लेनमध्ये दुचाकी घुसतात, बस वेळेवर येत नाही. अशा बीआरटीचा राग येणारच. दुरुस्ती मात्र बाजूला राहिली आणि नगर रस्त्यावरची लेन कोंडीचं कारण देऊन उखडली गेली. माझ्या मते ती चूक होती.

‘पीएमपी तोट्यात चालते, आम्ही मात्र रोड टॅक्स भरतो’

पीएमपीची, म्हणजे शहर बससेवेची, संचलन तूट पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के भरून देते, म्हणून तो आकडा दरवर्षी पेपरात येतो. उड्डाणपुलाला तिकीटच नाही. त्यामुळे त्याचा तोटा कोणी छापत नाही.

वाहनकर राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. गल्लीतला रस्ता महापालिका करते आणि तिच्या तिजोरीत मिळकतकर भरणाऱ्यांत गाडी नसलेलेही असतात. आणि प्रवासी कर भरत नाहीत, असंही नाही. एसटीच्या भाड्यावर १७.५ टक्के प्रवासी कर आहे.

राहता राहिलं पार्किंग. मोकळ्या जागेत एका मोटारीला, वळायची जागा धरून, २३ चौरस मीटर लागतात, म्हणजे सुमारे २५० चौरस फूट. पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांचं अख्खं बिऱ्हाड एवढ्यात राहायचं, आणि भाडं भरून राहायचं.

‘ई-कार आली, की प्रश्न मिटला’

धुराचा बराचसा मिटेल. जागेचा मिटणार नाही, ई-कारही तेवढीच लांब-रुंद असते.

‘सायकल डच लोकांच्या रक्तातच आहे’

सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यानं तरी हे बोलू नये. नेदरलँड्समध्येही पन्नास-साठच्या दशकांत मोटारींनी सायकली मागे सारल्या होत्या. १९७१ साली तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून अधिक मुलं. ‘मुलांचे बळी थांबवा’ म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३च्या तेलटंचाईनं सरकारचेही डोळे उघडले आणि मग सलग सायकलमार्ग झाले. आपल्याकडचा सायकलमार्ग पन्नास पावलांवर चेंबरला किंवा टपरीला धडकतो, आणि मग आपणच म्हणतो, की आता सायकल चालवतं कोण.

‘पादचाऱ्यांनाच शिस्त नाही, फूटपाथ सोडून चालतात’

इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की फूटपाथवर किमान १.८ मीटर वाट मोकळी हवी आणि त्याची कडा १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. माझ्या गल्लीतल्या फूटपाथची कडा वीतभरापेक्षा उंच आहे. वर चढलं, की दहा पावलांवर विजेचा डीपी बॉक्स येतो, तिथे अंग चोरून जावं लागतं, आणि पुढे प्रत्येक गेटपाशी उतरण-चढण. गुडघे दुखणारी बाई हे किती वेळा करणार? ती खाली उतरते आणि रस्त्याच्या कडेनं चालते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात ३२,८२५ पादचारी होते.

जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथ रुंद आणि सपाट केले, तेव्हा लोक त्यावरूनच चालायला लागले. बसायलाही लागले.

पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी २००६-०७ पासून नागरिकांकडून कामं सुचवून घेते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. यंदा त्यावर आपल्या गल्लीतल्या फूटपाथचं नाव लिहा.