आडनाव, वतन आणि वंश : 'मायर' व 'कुलकर्णी' यांच्या निमित्ताने

आडनाव सारखे म्हणजे मूळ पुरुष एक, असा समज सर्वत्र आढळतो. पदनामातून सिद्ध झालेल्या आडनावांच्या बाबतीत तो कितपत टिकतो, हे जर्मन 'मायर' आणि मराठी 'कुलकर्णी' या दोन आडनावांच्या आधारे येथे पाहावयाचे आहे.

'मायर' हा शब्द मूळ लॅटिन 'मायोर' म्हणजे 'अधिक मोठा' यावरून आला. मध्ययुगीन जर्मन प्रदेशात जमीनदाराच्या शेतीची व्यवस्था पाहणाऱ्या आणि कुळांकडून देणी वसूल करणाऱ्या कारभाऱ्यास ही संज्ञा होती. असे कारभारी गावोगाव होते; त्यामुळे परस्परांशी कोणताही रक्तसंबंध नसलेली अनेक घराणी याच नावाने ओळखली जाऊ लागली. जर्मन लिपीत त्याची किमान चार लेखनरूपे रूढ आहेत. शिवाय ज्यू समाजात 'प्रकाश देणारा' या अर्थाचे 'मेइर' हे हिब्रू व्यक्तिनाम होते. ऑस्ट्रियात 1787 मध्ये आणि प्रशियात 1812 मध्ये ज्यूंना कायम आडनाव घेणे आवश्यक झाले, तेव्हा काही ज्यू कुटुंबांचे आडनाव या नावावरूनही सिद्ध झाले. म्हणजे उच्चार एक, पण उगम दोन आणि वंश असंख्य.

'कुलकर्णी' या आडनावाची घडण याहून फारशी वेगळी नाही. 'कुळ' म्हणजे जमीन कसणारे कुटुंब आणि 'करण' म्हणजे लेखन, हिशेब. गावच्या कुळांची जमीन, पीक आणि सारा यांची नोंद ठेवणारा तो कुळकर्णी. पाटलाकडे गावचा अधिकार, तर कुळकर्ण्याकडे गावचे दप्तर अशी ही विभागणी होती. पद वंशपरंपरागत असल्याने वतनाच्या तक्षिमा पडत. लेखणी एकाच्या हाती असली तरी आडनाव सर्व भाऊबंदांना लागे. हे आडनाव विपुल का, याचे उत्तर येथेच मिळते : जितकी गावे, जवळजवळ तितकी कुळकर्णी घराणी. त्यातही पदनाम घेणे अपरिहार्य नव्हते. जांब गावचे कुळकर्णपण असलेले समर्थ रामदासांचे घराणे 'ठोसर' याच नावाने ओळखले जाते.

देशस्थांत हे आडनाव विशेष आढळत असले, तरी कऱ्हाडे व सारस्वत यांतही ते आहे. एका ज्ञातीतही गोत्रे निरनिराळी असतात. म्हणूनच कुलकर्ण्यांचा कुलकर्ण्यांशी विवाहसंबंध होऊ शकतो. भाषेची सीमाही या आडनावाने मानलेली नाही. धारवाडला राहून मराठी कथा लिहिणारे जी. ए. कुलकर्णी (1923-1987) आणि माहेरच्या कुलकर्णी असलेल्या कन्नड लेखिका सुधा मूर्ती ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

दिल्लीसारख्या बहुभाषक नगरात हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा राहत नाही. येथे आडनाव ऐकताच जात, प्रांत आणि नाते यांचा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक उत्तर भारतातील 'पटवारी' व 'कानूनगो' ही आडनावेही अशाच दप्तराच्या पदांतून आलेली आहेत. त्यांच्या शेजारी 'कुलकर्णी' हे नाव ठेवले की त्याचा स्वभाव लगेच ध्यानात येतो.

तथापि वंशाची साक्ष देत नाही म्हणून हे आडनाव मूक आहे, असे नव्हे. अक्षरज्ञान थोड्यांच्या हाती असताना गावचे दप्तर ही मोठी सत्ता होती. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात या सत्तेवर कठोर टीका केली. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये कोल्हापूर संस्थानातील कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. पुढे मुंबई राज्याने 1950 च्या कायद्यान्वये परगणा व कुलकर्णी वतने नष्ट केली. वतन गेले, दप्तर तलाठ्याकडे गेले. नाव मात्र राहिले.

सारांश, पदनामरूप आडनावाचा अभ्यास वंशावळीपासून न आरंभता गावच्या कारभारापासून आरंभावा. पूर्वज कोण होते, हे असे आडनाव सांगत नाही. ते कोणते काम करीत आणि त्या कामाने त्यांना कोणावर अधिकार दिला होता, हे ते सांगते.