नटाला पाना लावण्याआधी

घाटात पेटलेल्या ट्रकचा व्हिडिओ कधीतरी तुमच्याही फोनवर आला असेल. अशा बातमीत बहुतेक वेळा शॉर्टसर्किटचा अंदाज वर्तवला जातो आणि विषय मिटतो. मला मात्र दरवेळी दुसरीच शंका येते. इंजिनवर डिझेल गळत होतं का?

डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही, हे खरं. आपल्या मानकानुसार त्याचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा लागतो. पेट्रोलचा शून्याच्याही चाळीसेक अंश खाली असतो. पण लोड घेऊन घाट चढणाऱ्या ट्रकचा टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ५०० अंशांच्या पुढे तापतात. त्यावर बारीक फवाऱ्यासारखं डिझेल उडत राहिलं, तर वायरिंगची ठिणगी लागतेच असं नाही.

ही गळती शोधतात कशी, हे पाहायला मी कळंबोलीच्या एका मिस्त्रींकडे अर्धा दिवस बसलो. त्यांनी पहिला अर्धा तास पान्याला हातच लावला नाही. ड्रायव्हरला तेवढे तीन प्रश्न विचारले. सकाळी सेल्फ किती वेळ मारावा लागतो? डिपस्टिकवर ऑइल वाढलंय का? आणि ठिपका उभ्या गाडीखाली पडतो की गाडी चालून आल्यावर?

हे तीन प्रश्न म्हणजे निम्मं निदान आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढणारी असते. तिथे भेग पडली तर इंजिन चालू असताना बाहेर थेंबही दिसत नाही. उलट हवा आत जाते. मग गाडी रात्री उभी राहिली की सकाळी हँड पंप मारल्याशिवाय चालू होत नाही. ‘गाडी एअर धरते’ म्हणतात ते हेच. अशा वेळी मिस्त्री लाइनमध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडतात आणि बुडबुडे येतात का ते पाहतात. फीड पंपाच्या पुढे दाब सुरू होतो, तिथली गळती मात्र बाहेर ठिबकते. तिसरी गळती सगळ्यांत लबाड. ती इंजिनाच्या आतच होते आणि डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. ऑइल कमी होण्याऐवजी वाढतं, पातळ होतं, त्याला डिझेलचा वास येतो. ‘ऑइल खात नाही, चांगलं आहे’ म्हणून खूश होणाऱ्या मालकाची बेअरिंगं तोवर झिजत असतात.

प्रश्नांनंतर धुणं. इंजिन धुऊन, हवेने कोरडं करून मिस्त्रींनी शंकेच्या सांध्यांवर चेहऱ्याला लावायची साधी पावडर मारली आणि इंजिन चालू केलं. दोन-तीन मिनिटांत पांढऱ्यावर ओली रेघ उमटली. डाग खाली, पंपाच्या बुडाशी होता. रेघ निघाली वीतभर वर, फिल्टरच्या डोक्यावरच्या बँजो बोल्टपाशी. डिझेल खाली ओघळतं आणि पंख्याचा वारा त्याला मागे नेतो, त्यामुळे ओलं दिसतं तिथे गळती क्वचितच असते. न धुता पाना चालवणारा माणूस भलताच नट आवळतो.

दोष होता तांब्याच्या दोन वायसरांत. हे वायसर एकदा दाबले गेले की कडक होतात आणि पुन्हा बसवले की नीट सील होत नाहीत. लाल तापवून ते परत मऊ करता येतात, पूर्वी सर्रास करतही. पण नवा वायसर काही रुपयांना मिळतो. तिथे टेफ्लॉन टेप किंवा एम-सील लावणं म्हणजे चार दिवसांनी त्याच जागी परत येणं, शिवाय टेपचा तुकडा आत गेला तर पुढे इंजेक्टरपर्यंत त्रास.

जुन्या गाड्यांतल्या रबराचंही एक दुखणं आहे. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं. सल्फर ५० पीपीएमवरून १० वर आलं. ते काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधली रबर फुगवणारी काही द्रव्यंही घटतात. वर्षानुवर्षं फुगून बसलेलं जुनं नायट्राइल रबर मग आकसू शकतं. जुन्या इंजिनाचा पंप उघडला असेल, तर सगळ्या ओ-रिंगा नव्या टाका.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते. आपले बहुतेक अनुभवी मिस्त्री इनलाइन पंपावर शिकले. बॉशने १९२७ मध्ये डिझेल पंपांचं कारखान्यात उत्पादन सुरू केलं. आपल्याकडे १९५१ मध्ये बंगळुरूत ‘मायको’ स्थापन झाली, नाशिकच्या सातपूरला तिचा कारखाना आला. कंपनीचं नाव बदलून ‘बॉश’ झालं त्याला आता दीड दशकाहून अधिक काळ लोटला, तरी गॅरेजात पंप ‘मायको’चाच. त्या पंपांच्या नोझल साधारण २०० बारला उघडत. कुठला सिलिंडर मिस करतोय हे पाहायला चालू इंजिनावर एकेका पाइपाचा नट अर्धा आटा ढिला करायचा, हा त्या पिढीचा कसबी हात होता. मी त्या कसबाला मानतो.

पण नव्या गाड्यांतल्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीत, १६०० ते २००० बार, काहींत त्याहूनही जास्त दाब असतो. तिथे चालू इंजिनावर नट ढिला करणं ही आत्महत्या आहे. इंजिन बंद करून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ, सहसा दहा मिनिटं, थांबायचं. रेलचा पाइप फुटला की पितळ भरून आणायचा नाही, नवाच घालायचा; अनेक कंपन्या तर तो एकदा सोडला की बदलाच असं लिहितात. आणि काढलेला क्लॅम्प परत लावायचाच. क्लॅम्पविना पाइप थरथरत राहतो आणि बरोबर नटाच्या मानेशी तडकतो. परत येणाऱ्या कितीतरी गळत्या अशा क्लॅम्पच्याच असतात, असं मिस्त्री सांगतात.

सगळ्यांत वाईट सवय म्हणजे फवारा कुठून येतो ते हाताने चाचपणं. कातडी भेदायला सात बारही पुरतात. इथे त्याच्या शेकडो पट दाब आहे. टाचणी टोचल्याएवढं छिद्र दिसतं, रक्तही येत नाही, सुरुवातीला दुखतही नाही. आत मात्र डिझेल स्नायूंच्या आवरणांतून मनगटाकडे पसरलेलं असतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट कापायची वेळ येते. मिस्त्रींच्या गॅरेजात भिंतीला पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा टांगलेला होता. संशयाच्या जागेपुढे तो लांबून धरायचा, ओला डाग पडला की गळती सापडली. गॅरेज चालवणाऱ्या प्रत्येकाने असा एक पुठ्ठा उद्याच भिंतीला टांगावा.

आणि कुणाला टोचलंच, तर टिंक्चर लावून कामाला लागू नका. डॉक्टरांना ‘खरचटलं’ म्हणू नका, ‘प्रेशरचं डिझेल आत गेलंय’ हेच शब्द वापरा. हाताचे सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयाकडे त्याच तासाला निघा.