उत्तरसूची नसलेली परीक्षा

मुलांनो, आज एक कोडं घालते. तुमच्यापुढे तीन मुलांच्या उत्तरपत्रिका ठेवल्या आहेत. विषय असा, की त्यातलं तुम्हाला ओ की ठो कळत नाही. उत्तरसूचीही जवळ नाही. तरीही सांगायचं, की या पेपरांत कमीत कमी किती चुका आहेत. येईल सांगता?

येईल बरं का! एकाच प्रश्नाला दोघांनी एक उत्तर लिहिलं आणि तिसऱ्याने भलतंच लिहिलं, तर निदान एक जण नक्की चुकला. तिघांची तीन उत्तरं असतील तर निदान दोघे चुकले. कोण चुकलं ते कळणार नाही, पण चूक झाली एवढं पक्कं. १९९९ साली स्टीव्हन ब्रेनर या शास्त्रज्ञाने हीच साधी युक्ती वापरून मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे पेपर तपासले!

परीक्षा होती एका जिवाणूची. त्याचं नाव मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम. अगदी इवलासा जीव. १९९५ साली अमेरिकेत क्लेअर फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा सगळा जीनोम, म्हणजे त्याच्या जनुकांचा पूर्ण संच, वाचून काढला. सुमारे ५ लाख ८० हजार अक्षरं आणि त्यांत ४७०च्या आसपास जनुकं. बहुतेक जनुकं म्हणजे एकेक प्रथिन कसं बनवायचं याची कृतीच म्हणा ना!

आता कृती वाचता आली, तरी ते प्रथिन पेशीत काय काम करतं हे कुठे लिहिलेलं असतं? प्रत्येकावर प्रयोग करायचे तर वर्षं लागतात. म्हणून शास्त्रज्ञ साम्य बघतात. नव्या प्रथिनातली अमिनो आम्लांची माळ ओळखीच्या एखाद्या प्रथिनासारखी दिसली, की त्याचंच काम याचंही असेल असं धरून चिठ्ठी चिकटवतात. बहुतेक वेळा हे बरोबर निघतं. पण आजोबांसारखं नाक आहे म्हणून नातूही आजोबांसारखा तबलजी असेलच, असं थोडंच आहे?

बदकाची गंमत ऐका. त्याच्या डोळ्याच्या भिंगात एक प्रथिन भरपूर असतं. १९८७ साली लक्षात आलं, की हे तर लॅक्टेट डिहायड्रोजिनेज नावाचं विकर! इतर पेशींत ते ऊर्जा मिळवण्याच्या कामाला हातभार लावतं आणि डोळ्यात भिंग होऊन बसतं. एकच प्रथिन, नोकऱ्या दोन. आता चिठ्ठीवर काय लिहाल?

मायकोप्लाझ्माच्या जनुकांना तीन गटांनी आपापल्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. त्यांतल्या ३४० जनुकांवर दोन किंवा तीन गटांच्या चिठ्ठ्या होत्या. ब्रेनरने त्या शेजारी शेजारी ठेवल्या. शब्द वेगळे पण अर्थ एक असेल, तिथे त्याने चूक धरली नाही. तरी निदान शेकडा ८ चिठ्ठ्या चुकीच्या निघाल्या.

'निदान' हा शब्द विसरू नका हं. तिघांचं उत्तर जुळलं म्हणजे ते बरोबरच, असं कुठाय? तिघांनी एकच गाईड वाचलं असेल आणि गाईडच चुकलं असेल, तर तिघेही एकमुखाने चुकतील. (पालकहो, वर्गात पेपर तपासताना हा प्रकार आम्हांला फार ओळखीचा!) अशा चुका या युक्तीने सापडतच नाहीत.

शेकडा ८ म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. पण या चिठ्ठ्या संगणकातल्या मोठ्या कोठारांत जातात. पुढच्या जिवाचा जीनोम वाचणारे तिथूनच नक्कल करतात, त्यांच्यावरून आणखी कोणी. मूळ प्रयोग कोणी केला, मुळात केला होता का, हे शेवटच्या माणसाला कळतसुद्धा नाही. आणि त्याच चिठ्ठीवर भरवसा ठेवून एखादा संशोधक रोगजंतूचं अमुक प्रथिन बंद पाडणारं औषध शोधायला बसला, तर? त्याची किती वर्षं फुकट जातील!

पुढे शास्त्रज्ञांनी याहून कडक परीक्षा काढली. तिचं नाव काफा. ज्यांचं काम ठाऊक नाही अशी प्रथिनं सगळ्यांना द्यायची, भाकितं लिहून घ्यायची, वही बंद. मग काही महिने थांबायचं. तेवढ्यात जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांतल्या काही प्रथिनांचं काम प्रयोगाने कळतं. तीच उत्तरसूची! कॉपी करायला जागाच नाही. पहिल्या परीक्षेचा निकाल २०१३ साली छापून आला. ५४ पद्धती आणि ८६६ प्रथिनं. नुसतं साम्य बघणाऱ्या जुन्या रीतीपेक्षा नव्यांतल्या चांगल्या पद्धती पुढे होत्या, पण पैकीच्या पैकी गुण कोणालाच नव्हते.

२०१६ साली मायकोप्लाझ्माच्याच कुळातल्या एका जिवाणूची जनुकं कमी करत करत शास्त्रज्ञांनी अवघ्या ४७३ जनुकांवर जगणारी पेशी तयार केली. त्यांतल्या १४९ जनुकांचं नेमकं काम काय, हे तिच्या कर्त्यांनाही सांगता येईना. त्यांनी ओढूनताणून चिठ्ठ्या लावल्या नाहीत. 'काम माहीत नाही' असं सरळ छापलं. त्यांतल्या काहींचा उलगडा नंतर झाला, उरलेल्यांचा शोध चालू आहे.